फोटोतली आगगाडी आणि कात्रजचा घाट

आमच्या कात्रजला आगगाडी नाही. येथे पेशव्यांच्या काळातला तलाव आहे, दुधाची डेअरी आहे, सर्पोद्यान आहे, साताऱ्याकडे जाणारा घाट आहे आणि त्या घाटात बोगदाही आहे. परंतु तो मोटारींचा. इंजिनाची शिट्टी ऐकायची तर बस पकडून पुणे स्टेशन गाठावे लागते. असे असूनही गेली दोन वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर चार माणसे जमतात आणि आगगाडीखेरीज दुसरा विषय काढीत नाहीत. शेजारचे निवृत्त गार्डकाका, चौकात फोटो स्टुडिओ चालवणारे काका, शाळेत इतिहास शिकवणारे एक सर आणि चौथी मी. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. आहे तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात जुने फोटो, पिक्चर पोस्टकार्डे आणि फोटोंच्या नकला आहेत. काही जुन्या बाजारात रद्दीबरोबर मिळालेल्या, काही ओळखीच्यांच्या घरून आणलेल्या, तर काही इंग्लंडमधील हौशी लोकांनी पाठवलेल्या. सगळ्यांत एक गोष्ट सारखी: इंग्रज अमदानीतली आगगाडी. आणि आमचे काम एकच, ती गाडी कोणती, कुठली आणि केव्हाची हे ओळखणे.

हा नाद मला लागला तो आमच्या घरातल्या एका फोटोमुळे. बाहेरच्या खोलीत तो मी जन्मापासून पाहत आले. तपकिरी पडलेला फोटो, वाफेचे इंजिन आणि त्यापुढे उभी सहा माणसे. डावीकडून तिसरे माझे पणजोबा. खाली पुठ्ठ्यावर शाईने लिहिले आहे: ‘अण्णा. डेक्कन क्वीन. खंडाळा.’ घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आजोबा चहाच्या आधी हा फोटो दाखवीत. आमचे अण्णा डेक्कन क्वीन चालवीत, हे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या समईसारखे रोज तेवत होते. गार्डकाका पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनाही तो दाखवला गेला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो भिंतीवरून काढून उजेडात नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दादा, राग मानू नका. हा तुमच्या कात्रजचा घाट आहे.”

वाचकांना ही म्हण ठाऊक आहेच. १६६३ साली शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला. परतताना बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले, शत्रू त्या उजेडामागे धावला आणि महाराज भलत्याच वाटेने सुखरूप सिंहगडाकडे गेले, अशी कथा सांगतात. तेव्हापासून फसवून भलतीकडे नेणे म्हणजे कात्रजचा घाट दाखवणे. गार्डकाकांचे म्हणणे असे की, जुन्या फोटोखाली लिहिलेली ओळ पुष्कळदा त्या पलित्यांसारखी असते. तिच्यामागे धावू नये. आधी फोटो पाहावा, ओळ मागाहून वाचावी.

त्या दिवशी आजोबांनी राग मानला. पुढचे दोन रविवार काकांना चहा विचारला गेला नाही. मला मात्र कुतूहल लागून राहिले आणि मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. फोटो कसा वाचावा हे मी तेथे शिकले.

पहिली नजर इंजिनावर जाते. ती जाऊ नये. पहिली नजर जायला हवी रुळांवर. आपल्याकडे रुंद रुळांच्या मार्गावर दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट असते. मुंबईहून पुण्याला येणारी जी. आय. पी. कंपनीची लाइन या मापाची. पुण्याहून मिरजेकडे जाणारी लाइन मात्र पूर्वी मीटरगेजची होती, तिचे माप बरोबर एक मीटर. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची आणि माथेरानची गाडी अवघ्या दोन फुटांची. खुद्द इंग्लंडमध्ये मुख्य माप १,४३५ मिलिमीटर. आता फोटोवर फूटपट्टी लावून हे कळत नाही हे खरे. पण रुळांमध्ये उभा असलेला माणूस, त्याचे खांदे आणि रूळ यांची तुलना करता येते. आणि त्याहून सोपी खूण म्हणजे बफर. रुंद मार्गाच्या जुन्या इंजिनाला व डब्याला पुढे दोन बाजूंना दोन गोल बफर असतात, ताटल्यांसारखे, आणि मध्ये साखळीचा आकडा. मीटरगेजला बाजूचे बफर नसतात. मधोमध एकच असतो आणि तोच जोडणीचेही काम करतो. एवढी एक गोष्ट कळली, तर डब्यातल्या निम्म्या फोटोंची दोन गठ्ठ्यांत वाटणी होते.

नंतर पाहायचे आकाश. त्यात तारा आहेत का? मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली आणि घाट चढून विजेच्या तारा पुण्याला आल्या १९२९ च्या अखेरीस. तेव्हा पुणे स्टेशनात मुंबई लाइनवर खांब आणि तारा दिसत असतील, तर फोटो १९२९ च्या आधीचा नव्हे. पुणे स्टेशनची सध्याची इमारत दिसत असेल तर १९२५ च्या आधीचा नव्हे, कारण तिचे उद्घाटन त्या वर्षीच्या जुलैत झाले. मग डब्यावरील अक्षरे. जी. आय. पी. असे असेल तर गाडी बहुधा १९५१ पूर्वीची, कारण त्या वर्षी ५ नोव्हेंबरला मध्य रेल्वे अस्तित्वात आली. मिरज लाइन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती. ती त्याच वर्षीच्या एप्रिलात दक्षिण रेल्वेत गेली. अक्षरे रातोरात पुसली गेली नसतील हे लक्षात ठेवावे. सरकारी रंगारी तेव्हाही सावकाशच काम करीत असणार.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही पाहावे लागते. काचेची निगेटिव्ह छापताना उलटी ठेवली गेली की डावे उजवे होते. फलकावरची अक्षरे असतील तर लगेच कळते. नसतील तर स्टुडिओवाले काका कोटाची बटणे पाहतात. पुरुषाच्या कोटाची बटणे त्याच्या उजव्या हाताला असावयास हवीत. दुहेरी मार्ग असेल तर आणखी एक कसोटी आहे. आपल्याकडे आणि इंग्लंडातही गाडी डाव्या मार्गाने चालते. म्हणून समोरून आपल्याकडे येणारी गाडी फोटोत उजवीकडच्या रुळांवर दिसली पाहिजे. भोर घाटातले म्हणून मिळालेले एक पोस्टकार्ड आम्ही सहा महिने वेगवेगळ्या बोगद्यांशी ताडून पाहत होतो. शेवटी काकांनी ते आरशासमोर धरले आणि दरी जिथे हवी तिथे आली.

रंगांच्या बाबतीत तर फोटो सरळ सरळ खोटे बोलतो. त्या काळच्या बहुतेक प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे. तो काळा उमटे, आणि निळा फिका पडे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या दोन गाड्या होत्या, सात सात डब्यांच्या. एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांची. दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. त्यांचे सांगाडे इंग्लंडात आणि डबे जी. आय. पी.च्या माटुंगा कारखान्यात तयार झाले. काळ्या-पांढऱ्या फोटोत यांतली कोणती कोणती, हा आमच्या गच्चीवरचा जुना तंटा आहे आणि तो मिटावा अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

इंग्लंडमधल्या फोटोंची गोष्ट निराळी. तिकडे रेल्वेच्या नादिकांची परंपरा मोठी. त्यांच्या संस्था शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत आणि कोणत्या कारखान्यातून कोणत्या क्रमांकाचे इंजिन कोणत्या साली बाहेर पडले याच्या याद्या त्यांनी जपल्या आहेत. पुष्कळ इंग्रज कुटुंबांत हिंदुस्थानात नोकरी केलेल्या आजोबा-पणजोबांचे अल्बम आहेत. त्यांतल्या फोटोंवर कधी फक्त ‘इंडिया’ लिहिलेले असते, कधी काहीच नसते. अशा एका गृहस्थांनी सरांच्या ओळखीतून आम्हांला बारा फोटोंच्या नकला पाठवल्या. इंजिने त्यांनी केव्हाच ओळखली होती. त्यांना हवे होते ठिकाण, आणि ते आमच्या हाती होते. एका फोटोत मागे नदीवरचा पूल होता आणि काठावर घाट. ते पुण्याचा संगम आहे हे पाहायला गार्डकाकांना भिंग लागले नाही. दुसऱ्यात लुगडी नेसलेल्या बायका आणि सामानावर मराठी अक्षरे होती, तेव्हा मद्रासकडचा म्हणून ठेवलेला तो फोटो आमच्याकडे आला. तिसरा मात्र ‘पूना’ असे लिहिलेला असूनही पुण्याचा तर नव्हताच, हिंदुस्थानचाही नव्हता. इंजिनावर जी. आय. पी. ही अक्षरे स्वच्छ, अंगावर धुळीचा कण नाही, मागचा देखावा पांढरा पुसून टाकलेला. विलायती कारखाने नवे इंजिन रवाना करण्यापूर्वी त्याला करडा रंग देऊन असा फोटो काढीत, म्हणजे एकेक खिळा उठून दिसे. त्या इंजिनाने तेव्हा समुद्रही पाहिलेला नव्हता.

उलट जुन्या बाजारातल्या गठ्ठ्यांत अस्सल इंग्लंडातल्या गाड्याही येतात आणि ‘जुनी मुंबई’ म्हणून विकल्या जातात. त्या ओळखणे अवघड नाही. आपल्या इंजिनाला पुढे गाई-गुरे बाजूला सारणारी जाळी आणि मोठा दिवा असे. तिकडे कुंपणे घातलेली असल्याने दोन्हींची गरज नसे. आपल्या डब्यांच्या खिडक्यांवर उन्हासाठी झडपा असत, तिसऱ्या वर्गाला गज असत. एका खानावळीत मी ‘भारतातील पहिली आगगाडी, १८५३’ अशी पाटी लावलेला फोटो पाहिला. त्यात व्हिक्टोरिया टर्मिनसचा घुमट दिमाखात उभा होता. ती इमारत १८७८ ला सुरू होऊन १८८८ ला पुरी झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने चौदा डबे घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला निघाली तेव्हा त्या घुमटाचा दगडही बसलेला नव्हता. मालकांना हे सांगावे की नाही असा विचार करीत मी जेवण संपवले आणि न सांगताच बाहेर पडले.

भोर घाटाचे फोटो हा मात्र मोठा खजिना आहे. पुणे ते खंडाळा ही लाइन १८५८ साली सुरू झाली. अलीकडे खोपोलीपर्यंत गाडी आलेली होती. मधला घाट प्रवासी पालखीतून वा डोलीतून चढत. घाटातला लोहमार्ग १८५६ ला हाती घेऊन १८६३ ला पुरा झाला. पंधरा मैलांत १,८३१ फूट चढ आणि पंचवीस बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही, इंजिनिअर नेमून काम पुरे करवून घेतले. तिच्या नावाशी जोडलेला घाटाच्या बांधकामाचा फोटोसंग्रह आजही जपलेला आहे. घाटाच्या फोटोंत तारीख ठरवायची उत्तम खूण म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. चढ एका दमात घेणे शक्य नसल्याने गाडी डोंगराच्या एका टोकाशी येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे स्टेशन बंद पडले. म्हणून ते वापरात दिसत असेल तर फोटो त्याआधीचा. जवळचा अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, तेव्हा खुणेसाठी आता तोही राहिला नाही.

या फोटोंकडे पाहताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. १८६१ च्या सुमारास या घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्यांतले किती तरी मेले. फोटोत ते दिसतात, बहुधा कोपऱ्यात, डोंगराची उंची कळावी म्हणून उभे केलेले. पुलाचे नाव सापडते, इंजिनिअरचे नाव सापडते. इंजिनाची तर वंशावळच सापडते: कारखाना, साल, क्रमांक, ते भंगारात केव्हा गेले तेही. पण त्याच्या पायरीवर बसलेला माणूस कोण, हे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. इंग्लंडच्या गृहस्थांच्या बारा फोटोंत मिळून एकतीस आपली माणसे मी मोजली. नाव एकाचेही नाही.

आणि म्हणूनच आमच्या भिंतीवरचा फोटो मला सोडवेना. तिथे निदान एकाचे नाव होते, आणि नेमके त्याच्याबद्दलच लिहिलेले खोटे ठरत होते. तुम्हीही एव्हाना ताडले असेल. डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनावर चालली. फोटोत वाफेचे इंजिन. वर तारा नाहीत. पुढे बाजूचे बफर नाहीत, मध्ये एकच, म्हणजे मीटरगेज. मोबाईलवर नक्कल काढून मोठी करून पाहिली तेव्हा कोळशाच्या टेंडरवर ‘एस. एम.’ ही दोन इंग्रजी अक्षरे दिसली. मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे मिरज लाइन. खंडाळ्याला मीटरगेज कधीच नव्हते. मागे स्टेशनचा फलक आहे, पण एका माणसाच्या खांद्याने झाकलेला. मराठीतली ‘वाडी’ एवढीच अक्षरे वाचता येतात. त्या लाइनीवर राजेवाडी आहे आणि किर्लोस्करवाडीही आहे. शिवाय पणजोबांच्या हातात लांब दांड्याचे फावडे आहे. गार्डकाका हळूच म्हणाले, “ड्रायव्हर फावडं धरून फोटो काढीत नसे गं. हे फायरमन.”

हे घरात सांगायचे कसे? आजोबा अण्णांना फार थोडे ओळखत. ते सोळा वर्षांचे असताना अण्णा गेले. त्यांच्याजवळ वडिलांचे म्हणून एवढेच एक वाक्य होते. चूक दुरुस्त करावी हे इतिहासाच्या तासाला ठीक. इथे मी महिनाभर गप्प राहिले. अखेर मी ती नक्कल घेऊन हडपसरला आत्याआजीकडे गेले. ती आजोबांहून सात वर्षांनी मोठी, आता पंच्याऐंशी ओलांडलेली. पुठ्ठ्यावरची ती ओळ लग्नापूर्वी तिनेच लिहिलेली.

मी सगळे सांगितले. बफर, तारा, अक्षरे, फावडे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “फावडंच होतं. हाताला घट्टे होते अण्णांच्या, मीठ लागलं तर समजत नसे.” मी विचारले, “मग डेक्कन क्वीन कुठून आली?” तेव्हा तिने सांगितले ते असे. घोरपडीच्या क्वार्टर्समधून ती कधी कधी अण्णांचा डबा घेऊन पुणे स्टेशनात जाई. मिरजेची छोटी गाडी आणि मुंबईची मोठी गाडी एकाच स्टेशनात. अण्णांची ड्यूटी संपलेली असली तर ते तिचा हात धरून मुंबईच्या फलाटावर नेत आणि डेक्कन क्वीन दाखवीत. कोळशाचे काळे कपडे असल्याने डब्याला हात लावू देत नसत, लांबूनच. “ते म्हणायचे, ही बघ आपली गाडी. मी लहान होते. मला वाटलं, आपली म्हणजे अण्णांचीच.” खंडाळा कोठून आले हे मात्र तिला आठवेना. पुढे सगळे खंडाळ्याचेच बोलत, म्हणून लिहिले असेल, म्हणाली.

आजोबांना तिनेच फोनवर सांगितले. ते काय बोलले मला ऐकू आले नाही. बराच वेळ ते नुसते हं, हं करीत होते. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः फोटो भिंतीवरून उतरवून गच्चीवर आणला आणि गार्डकाकांसमोर ठेवला. पुठ्ठ्यावरची जुनी ओळ खोडायची नाही असे ठरले. मागच्या बाजूस मी मऊ पेन्सिलीने लिहिले: ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, मीटरगेज. बहुधा १९५१ पूर्वी. राजेवाडी की किर्लोस्करवाडी? डावीकडून तिसरे अण्णा, फायरमन. पुढची ओळ त्यांच्या मुलीने लिहिली. ते तिला डेक्कन क्वीन दाखवीत असत.’

फोटोतल्या दुसऱ्या एका माणसाचे आडनाव आत्याआजीला आठवले. ते शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. उरलेले चौघे कोण, हे अजून लागलेले नाही. मिरज लाइन १९७१ मध्ये रुंद झाली आणि त्या गाडीवरची माणसे पांगली. वाचकांपैकी कोणाच्या घरी घोरपडी, सातारा वा मिरज इकडच्या रेल्वे क्वार्टर्समधले जुने फोटो असतील, तर ते एकदा उजेडात नेऊन पाहावेत. घरात जे कोणी वयाने मोठे असेल त्यांना आधी विचारावे, इंजिनाचे नंतर बघता येते. पाठीमागे बॉलपेनने मात्र लिहू नये, दाबाने पुढून वळ उठतात. आमची बैठक रविवारी चार वाजता असते. आता चहा आजोबाच करतात.